उजव्या डोळ्यातलं वर्तुळ

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार. दसरा.

यंत्र आलं एकदाचं. पुण्याहून सेकंडहॅण्ड घेतलं, पण काय चकाचक! दसऱ्याचा मुहूर्त चुकवायचा नव्हता, म्हणून तीन दिवस टेम्पोवाल्याच्या मागे हात धुऊन लागलो होतो. सकाळी झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले. समोरचा स्टेशनरीवाला डोकावून म्हणाला, "कमलाकरशेठ, हे काय, दुर्बीण?" म्हटलं, दुर्बीण नव्हे रे बाबा, डोळ्याच्या पुढच्या काचेचा गोलावा मोजायचं यंत्र आहे. आता कॉन्टॅक्ट लेन्ससाठी महाडच्या पोरापोरींना पनवेल गाठायची गरज नाही.

ही वही ओवीने दिली. लेक पुण्याला ऑप्टोमेट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली, "बाबा, गिऱ्हाइकांना जे ऐकवत बसता ते लिहून काढा, त्यांच्या कानांना तेवढाच आराम." बापाची टिंगल करायला फी लागत नाही.

एकवीसच्या पुरात दुकानात आठ फूट पाणी होतं. भिंगांचे सगळे डबे चिखलात गेले होते. तेव्हा दुकान बंद करायचं म्हणत होतो, आणि आज नवीन यंत्र. आनंद झाला आहे, खोटं कशाला बोलू.

१६ ऑक्टोबर, बुधवार

बायको, विनोदिनी, शाळेत शिकवून आली तशी तिला यंत्रापुढे बसवली. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, समोर बघायचं. यंत्र डोळ्यावर उजेडाचं एक वर्तुळ पाडतं, आणि डोळ्याची पुढची काच ते आरशासारखं परत पाठवते. परत आलेलं वर्तुळ केवढं आहे त्यावरून गोलावा कळतो. वर्तुळ लांबट दिसलं तर तिरपा नंबर आहे असं समजायचं. विनोदिनीचं गोल, अखंड. एका बाजूने साडेत्रेचाळीस, दुसऱ्या बाजूने चव्वेचाळीस. ती म्हणाली, "पास का मी?"

ओवीने मात्र फोनवर माझीच हजेरी घेतली. तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की डोळ्याच्या आतलं भिंग प्रकाश वाकवतं. म्हणे निम्म्याहून जास्त काम पुढची काचच करते. डोळ्याची एकूण ताकद साठ धरली तर त्यातले त्रेचाळीस कॉर्नियाचे. पुस्तकी मराठीत पारपटल म्हणतात. मधोमध जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि एवढी ताकद!

"बाबा, सावित्रीत बुडी मारून डोळे उघडले की कसं दिसायचं?" तिने विचारलं.

"पुसट. सगळं विस्कटलेलं."

"का? काच तर तीच आहे ना?"

शेवटी तिनेच सांगितलं. उत्तर असं, की काच पाण्यासारखीच आहे. पुढे हवा असली तरच प्रकाश वाकतो. पुढे पाणी आलं की काचेची ताकद गेली. लहानपणापासून नदीत डुंबलो, चष्म्यात आयुष्य गेलं, पण हे कधी डोक्यात आलं नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आज महिपती आणि त्यांची बायको रंगूबाई आले होते. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला गाव, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. महाड ओलांडून कधी चष्मा केला नाही. महिपतीचा डावा डोळा लहानपणीच विटी लागून गेलेला, सगळी मदार उजव्यावर.

"डाक्टर, परवा कापणी करताना भाताचं पातं लागलं बघा. सलतंय."

मी डॉक्टर नाही हे गावच्या लोकांना मी दोनदा सांगून पाहिलं आहे. तिसऱ्यांदा कोण सांगणार! म्हणतात ते प्रेमाने म्हणतात.

रंगूबाई म्हणाल्या, "मी सांगत व्हते, पोलादपुरात सरकारी दवाखान्यात जावा. तर नाय. कापणी उभी हाय म्हनं, तिथं दिस मोडंल."

"अहो वहिनी, एवढ्याशा खरचटण्याला दवाखाना कशाला?" मी म्हटलं. ड्रॉवरमधली लाल डोळ्यावरच्या थेंबांची बाटली काढून दिली. दिवसातून चार वेळा. एजंट डझनाने देतो ही बाटली. वीस वर्षांत शेकड्यांनी वाटल्या असतील. दुसऱ्या दिवशी डोळा पांढरा, एकाची तक्रार नाही. पैसे घेतले नाहीत. त्यांनी पिशवीतून दोन तवशी, हातभर लांब काकड्या, काढून टेबलावर ठेवली.

हौसेने त्यांना यंत्रापुढेही बसवलं. तर वर्तुळ एका जागी तुटलेलं! घड्याळात पाच वाजतात त्या जागी तुकडाच नाही. कितीही फिरवलं तरी तेच. सेकंडहॅण्ड घेतलं की हे असं. आरसा हलला असणार. संध्याकाळी विनोदिनीला बसवून पाहिलं तर अखंड. आपोआप बसला वाटतं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

महिपतीचा फोन. "डाक्टर, लाली गेली. हाताला गुण हाय तुमच्या." विनोदिनीला मुद्दाम स्पीकरवर ऐकवलं.

३० ऑक्टोबर, बुधवार

महिपती परत. आज बरोबर सून होती, रेश्मा. ती महाड एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहे, बिरवाडीला खोली करून राहते. दिवाळीची सुट्टी पडली म्हणून सासऱ्याला घेऊन आली.

डोळा पुन्हा दुखतो आहे. "उजेड सोसत नाय," म्हणाले, आणि टॉवेलने डोळा झाकूनच बसले. बॅटरी मारून पाहिलं. बुबुळावर मोहरीएवढा राखाडी ठिपका, कड कापसासारखी पिंजलेली. जखम भरताना खपली धरते तसं असणार. डोळा उघडा ठेवता येईना, म्हणून यंत्राचा नाद सोडला. दुसरी बाटली दिली, म्हटलं चारच्या जागी सहा वेळा घाला.

रेश्माने बाटली हातात घेऊन चारी बाजूंनी वाचली आणि मोबाईलवर दोन फोटो काढले. "ह्याची पावती मिळंल काय?" विचारते! म्हटलं, अगं, मी याचे पैसे घेत नाही, पावती कसली? तर नुसती बघत राहिली. आजकाल पोरींना जेवणाच्या ताटाचासुद्धा फोटो लागतो.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज.

आज घरात भांडण झालं. ओवी चार दिवस आली आहे. जेवण झाल्यावर मी तिला यंत्राच्या गमती सांगत होतो. तुटलेल्या वर्तुळाचं सांगितलं, मग महिपतीचं सांगितलं, हाताला गुण असल्याचंही. ती हसेल असं वाटलं होतं.

तिने विचारलं, "बाटली कुठली दिलीत?"

दुकानाची किल्ली घेऊन गेली आणि बाटली घेऊन आली. टेबलावर ठेवली. "बाबा, यात स्टेरॉइड आहे."

मग जे बोलली ते जसं आठवतं तसं लिहितो. काचेचे थर असतात. सगळ्यात वरची साल नाजूक, खरचटली तर दोन दिवसांत भरते. पण भाताचं पातं शेतातली बुरशी घेऊन येतं, आणि साल उघडी असताना ती खालच्या जाड थरात शिरते. डोळा लाल होतो म्हणजे शरीर तिच्याशी झगडत असतं. स्टेरॉइड तो झगडाच बंद पाडतं. लाली जाते, बरं वाटतं, आणि बुरशीला रान मोकळं.

"आणि ते यंत्र बरोबर होतं," ती म्हणाली. "जिथे साल गेलेली तिथे आरसा नाही. म्हणून वर्तुळ तुटलं."

मी भडकलो. चार वर्षं कॉलेजात बसली म्हणून बापाला शिकवणार! शेकड्यांनी लोकांना दिल्या बाटल्या, एकाचा तरी डोळा गेला का? ती म्हणाली, "गेला असता तर तो तुमच्याकडे सांगायला आला असता का?"

विनोदिनी ताटं उचलत होती. ती एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी त्यांच्याकडे जा."

मी काही वाईट हेतूने दिले नव्हते थेंब. हे कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून लिहितो.

४ नोव्हेंबर, सोमवार

जाऊन आलो. ठिपका आता मोहरीएवढा राहिलेला नाही. बुबुळाच्या निम्म्या भागावर साय धरल्यासारखं दिसतं. महिपतीला दारातला मी ओळखू आलो नाही, आवाजावरून ओळखलं.

म्हटलं, थेंब बंद करा, उद्या माझ्या गाडीने पुण्याला मोठ्या दवाखान्यात जाऊ. कारण सांगितलं नाही. माणूस आधीच घाबरलेला, त्यात आणखी कशाला घाबरवायचं?

बाटल्या परत मागितल्या. रंगूबाईंनी एक आणून दिली. "दुसरी कुटं ठेवलीय काय की, गावत नाय." रेश्मा दाराशी उभी होती. आज कोणी चहा विचारला नाही. सणाची धांदल, राहून गेलं असेल.

येताना सावित्रीच्या पुलावर गाडी थांबवून बाटली पाण्यात टाकली. असलं औषध कोणाच्या हाती नको.

५ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटे निघालो, ताम्हिणीतून पुण्याला पोचायला अकरा वाजले. महिपती आणि रंगूबाई मागे, रेश्मा पुढे माझ्या शेजारी. पर्स मांडीवर धरून बसली होती.

डॉक्टरबाई तरुण, पण बोलणं चाकूसारखं. यंत्रातून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "डोळ्यात काय काय घातलंत?"

महिपती म्हणाले, "गुलाबपाणी."

"आणखी?"

"आनखी कायबी नाय."

मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. भिंतीवर कॉर्नियाचा मोठा तक्ता होता. मी त्यातले थर मोजत होतो. पाच. बाई म्हणाल्या, "आठवून सांगा. दुसरं काही घातलं असेल तर औषध बदलतं." रेश्माने पर्सची चेन उघडली आणि माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा थर मोजले.

मग महिपतीला डोळ्यातला नमुना घ्यायला आत नेलं. मी खाली जाऊन चहा मागवला. कप तसाच ठेवला. उठलो, जिना चढलो, बाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. बाटलीचं नाव, दोन बाटल्या, चार वेळा, सहा वेळा.

त्यांनी लिहून घेतलं. विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग?"

मी पुन्हा तक्त्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, बुरशीच दिसते आहे, तासातासाला औषध घालावं लागेल, डोळा वाचेल की नाही आज सांगता येत नाही. आणि दुसरा डोळा तर नाहीच. शेवटी म्हणाल्या, "हे पेशंटलाही सांगा." मी हो म्हटलं.

डॉक्टरांना कळणं महत्त्वाचं होतं, ते कळलं. परतीच्या वाटेवर महिपतीला गाडी लागली, बोलण्यासारखं वातावरणच नव्हतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

रेशन, फळं घेऊन महिपतीकडे गेलो. औषध दुधासारखं पांढरं आहे, गालावर त्याचे सुकलेले ओघळ. रंगूबाईंनी मोबाईलमध्ये दर तासाचा गजर लावला आहे. बाहेर झोडणी चालू होती, महिपती आवाजावरून पेंढा कोरडा की दमट ते सांगत होते.

निघताना म्हणाले, "बाकी काय, डाक्टर? काय सांगायचं हाय काय?"

म्हटलं, काही नाही, काळजी घ्या. शेजारपाजारचे लोक बसले होते.

११ डिसेंबर, बुधवार

एक बाई लाल डोळा घेऊन आली, थेंब मागत होती. म्हटलं, संपले. थेंबांचा खोका अजून ड्रॉवरमध्येच आहे. उरलेल्या सात बाटल्या.

१९ जानेवारी २०२५, रविवार

बुरशी संपली. डोळा फुटला नाही, वाचला. पण बुबुळावर फूल पडलं, पांढरं, मधोमध. उजेड आणि सावली तेवढी कळते. रंगूबाईंच्या खांद्यावर हात ठेवून अंगणात येतात. बासष्ट वर्षांचा माणूस, गेल्या वर्षीपर्यंत एकट्याने नांगर धरणारा.

आज घरात तिसरं कोणी नव्हतं. आज सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. तर बोलता बोलता ते बैल विकल्याचं सांगायला लागले. त्यात माझं कुठे मधे घालणार?

निघताना तेच. "बाकी काय, डाक्टर? काय सांगायचं हाय काय?" त्यांना ही बोलायची सवयच लागली आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

ओवी आली आहे. मी सांगितलं का ते तिने विचारलं नाही. मीच तिला विचारलं, की जखम भरली तर मग काच पुन्हा स्वच्छ का होत नाही?

ती म्हणाली, डोळ्याचा पांढरा भाग आणि ही काच, दोन्ही एकाच जातीच्या धाग्यांची. पांढऱ्यात धागे जाडबारीक, कसेही आडवेतिडवे. काचेत सगळे एका जाडीचे, एका अंतरावर, ओळीने. केसाहून हजारो पट बारीक. ओळ इतकी नेमकी, की उजेड कुठेही न अडखळता आरपार जातो. शिवाय आत रक्ताची एक शिरही नाही, ऑक्सिजन घ्यायचा तो बाहेरच्या हवेतून, आसवांमधून. सगळ्यात आतला पेशींचा थर दिवसरात्र पाणी उपसत असतो, नाहीतर काच फुगून पांढरी होईल.

"मग जखम भरते ती कशाने?"

"धाग्यांनीच. पण नवीन धागे ओळीत येत नाहीत, बाबा. शरीराला जखम बुजवता येते, ओळ लावता येत नाही."

रात्री पानावरून उठलो. विनोदिनीने वाढलेलं झाकून ठेवलं.

आता एकच मार्ग, दुसऱ्याची काच बसवणं. आत रक्त नाही म्हणून रक्तगट वगैरे जुळवावा लागत नाही. फक्त कोणीतरी मरून डोळे द्यायला हवेत. यादीत नाव घातलं आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

सातही बाटल्या फोडून गटारात ओतल्या नाहीत, पिशवीत बांधून ओवीकडे दिल्या. ती कॉलेजच्या दवाखान्यातल्या औषधी कचऱ्यात टाकणार आहे. सावित्रीत टाकलेल्या बाटलीचं तिला सांगितलं. म्हणाली, "तुम्ही बाटली परत का मागितलीत?" मी तेच सांगितलं, कोणाच्या हाती नको म्हणून. तिने मान हलवली, पण डोळे माझ्यावरच ठेवले.

खरं लिहितो. पुरावा नको म्हणून मागितली. वही माझी आहे, इथे तरी लिहावं.

१८ एप्रिल, शुक्रवार

सकाळी सात वाजता पुण्याहून फोन आला. काच मिळाली. तासाभरात गाडी काढली. कोणाची मिळाली ते सांगत नाहीत, विचारूही नये. रंगूबाई गाडीत हात जोडून पुटपुटत होत्या, "कुनाच्या तरी घरात आज रडारड चाललीय गो." रेश्माने त्यांचा हात धरला.

चार वाजता ऑपरेशन झालं. मधली बटणाएवढी पांढरी चकती काढली, तेवढीच स्वच्छ बसवली. सोळा टाके, केसाहून बारीक धाग्याचे.

२० एप्रिल, रविवार

विनोदिनीने डोळे द्यायचे फॉर्म आणले होते. तिने भरला, मी भरला. साक्षीदार म्हणून ओवीची सही.

७ ऑगस्ट, गुरुवार

महिपतीला बोटं मोजता येतात. सगळं वाकडंतिकडं दिसतं म्हणाले. टाके ओढले गेले की काच एका बाजूने चपटी होते, डॉक्टरबाई काही टाके काढतील आणि मग चष्मा. बाईंनी विचारलं की चष्मा पुण्यातच करायचा का. महिपती म्हणाले, "नाय. आमचा महाडला हाय ठरलेला."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

आज महिपती चष्म्यासाठी आले. रंगूबाई आणि रेश्मा बरोबर. कापणी उरकली, या वर्षी मजूर लावून केली.

यंत्रापुढे बसवलं. हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. दोनदा फोकस सुटला. मग वर्तुळ दिसलं. लांबट, अंड्यासारखं, एकीकडे बेचाळीस, दुसरीकडे सत्तेचाळीस, पाच नंबरांचा फरक. पण अखंड. घड्याळाच्या पाचच्या जागी थांबून थांबून पाहिलं. कुठेही तुटलेलं नव्हतं.

भिंगं चढवत गेलो, फिरवत गेलो. "हे बरं की हे?" "आधीचं." "आता?" "हां, हे." समोरच्या तक्त्यावरची वरची ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरी. चौथीला अडखळले, पण वाचली. रंगूबाईंनी पदर तोंडाला लावला. महिपती मान वळवून दुकान बघायला लागले. भिंतीवरची पुराची रेघ, यंत्र, मग माझा चेहरा. वर्षभराने त्यांनी मला पाहिलं.

म्हणाले, "बाकी काय, डाक्टर? काय सांगायचं हाय काय?"

आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, की ही बोलायची सवय नव्हती.

मी सांगितलं. उभ्या उभ्या सांगितलं, गिऱ्हाईक आलं तरी थांबलो नाही. ते थेंब माझे. त्यांनीच बुरशी वाढली. वर्तुळ तुटलेलं दिसत होतं आणि मी यंत्राला नावं ठेवली. दुसरी बाटलीही मीच दिली. आणि ती परत मागायला आलो तो स्वतःची कातडी वाचवायला.

"ठावं हाय," महिपती म्हणाले.

रेश्माने पर्स उघडून बाटली काउंटरवर ठेवली. न गावलेली.

"हिनं भाऊबीजेला कंपनीतल्या सायबाला फोटू धाडलं. त्यो म्हनला, ह्ये डोळ्यात घालू नका. त्याच सांजेला थेंब बंद केलं आमी. दुसऱ्या दिशी सकाळी तुमी आलात. म्हनलं, आला मानूस सांगायला." त्यांनी बाटलीकडे बोट केलं. "तर तुमी बाटली मागितलीत."

"मग पुण्याला का बोलला नाहीत? गुलाबपाणी का म्हणालात?"

"तुमी बाजूला बसलेलात. म्हनलं, आता तरी बोलंल. नसतं बोललात तर ही सांगनार व्हती, बाटली हिच्याकडंच व्हती. मागनं बाईंनी सांगितलं, तुमचा मानूस येऊन सांगून गेला म्हनून. मंग वाटलं, आता मलाबी सांगंल. वरीस गेलं."

मी हात जोडले. माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हाताने थांबवलं.

"माफीबिफी ऱ्हाऊ दे. बारा म्हैने बायकोच्या खांद्याला धरून परसाकडं गेलोय मी. ते कसं माफ करू? नाय जमायचं." त्यांनी बाटली उचलली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. "पन नंबर तुमी चोख काढता. त्यात कधी चूक नाय झाली. चष्मा कधी मिळंल?"

"गुरुवारी," मी म्हटलं.

"गुरवारी येतो." पायरी एकट्याने उतरले, रंगूबाईंचा हात बाजूला सारून. रस्त्यावरून मागे वळून म्हणाले, "येतो, कमलाकरशेठ."

वीस वर्षांत पहिल्यांदा.

मी काउंटरच्या मागे बसून रडलो. विनोदिनीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "सांगितलंत ना? लवकर घरी या."

शटर ओढणार तेवढ्यात बिरवाडीचा एक कामगार मोटारसायकल लावून आत आला. डोळा लालभडक. "डाक्टर, डोळ्यात कायतरी उडालंय, थेंब द्या ना."

म्हटलं, मी डॉक्टर नाही. थेंब नाहीत. त्याला वाटलं, मी टाळतो आहे, आणखी दोनदा मागितले. मी आणखी दोनदा सांगितलं. मग बाहेर येऊन रस्त्यात उभा राहिलो आणि सरकारी दवाखाना कुठे आहे ते त्याला हाताने दाखवलं.